मालूबाईची न मोडणारी भाकरी

मालूबाई दिनानाथ गुरुजींच्या घरी दोन वर्षं स्वयंपाकाला येत होती, तरी तिच्याविषयी त्यांना खरं काय माहीत होतं असं कुणी विचारलं असतं, तर त्यांना मान खाली घालावी लागली असती. निडीहून यायची, घरची भातशेती होती, चहा बिनसाखरेचा घ्यायची. नवरा काय करतो, मुलं किती, हे विचारायचं गुरुजींच्या भिडस्त जिभेला कधी जमलं नाही. संशय घ्यायला मात्र तिला ओळखण्याची गरज पडली नाही.

झालं ते असं. गुरुजींची सून ऋजुता पेणची. पेणला माहेर आणि रोह्याला सासर असलेल्या सहा-सात जणींचा मोबाइलवर एक ग्रुप होता. दर बुधवारी एकीनं घरी केलेला रोल, रॅप नाहीतर पिझ्झा तिथं टाकायचा आणि बाकीच्यांनी आठवडाभरात करून बघायचा. शिळ्या पोळीवरचा पिझ्झा झाला, ग्रुपमधल्या अपेक्षाचा पनीर रॅप झाला. माघात ऋजुताची पाळी आली, तेव्हा तिनं मालूबाईला पुढं केलं. मालूबाईनं तांदळाच्या पातळ भाकरीत वालाचं घट्ट बिरडं, कांदा आणि खोबऱ्याची चटणी भरून अशी वळकटी केली, की भाकरीला बारीक चीरही गेली नाही. ऋजुतानं कृती लिहून घेतली. पाण्याला उकळी, मीठ, पीठ, वर झाकण, आणि गरम आहे तोवर मळायचं. फोटोसकट ती ग्रुपवर टाकली.

आणि साऱ्याजणींच्या भाकऱ्या मोडल्या. अपेक्षानं तर चमच्यानं खायच्या रोलचा फोटो टाकून खाली लिहिलं, "तुझ्या मालूताईनं एक ओळ घरी ठेवली वाटतं."

ऋजुताला ते झोंबलं. तिनं स्वतः करून पाहिलं, तिचीही मोडली. मग तिच्या ध्यानात आलं, त्या दिवशी मालूबाईनं पीठ आपल्या घरून डब्यातून आणलं होतं. सवयीचं बरं पडतं, एवढंच म्हणाली होती. आता तो डबा ऋजुताला खुपू लागला. त्यात मैदा मिसळला असेल, साबुदाणा असेल. चारचौघींत तोंडघशी पाडणारी बाई घरात ठेवायची कशाला, इथवर गोष्ट आली.

"बाबा, ती पुन्हा डबा आणेल तेव्हा जरा लक्ष ठेवा," ती म्हणाली. "लबाडी निघाली तर मी दुसरी बाई बघते."

गुरुजींना नाही म्हणता आलं नाही. मनातून त्यांनाही तसंच वाटत होतं. छत्तीस वर्षं वर्गात कॉपी पकडलेला माणूस. ते वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसू लागले. मालूबाईनं चटकन झाकण लावलं तरी त्यांना खटकायचं, सावकाश लावलं तरी खटकायचं. एकदा ती गुणगुणता गुणगुणता थांबली, तेही त्यांनी लक्षात ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात डबा आला. मालूबाई कोथिंबीर आणायला खाली गेली, तेवढ्यात गुरुजींनी मूठभर पीठ कागदात बांधलं आणि गिरणीवाल्या जनूला नेऊन दाखवलं. जनूनं चिमूट बोटांत चोळली, जिभेवर ठेवली.

"काय नाय यात, गुरुजी. नव्या तांदळाचं हाय, औंदाच्या. चिकट असतंय. तुमच्याकडनं जुना तांदूळ येतो दळायला. त्याची भाकरी वाकायची कशी?"

घरी येईपर्यंत गुरुजींना स्वतःची लाज वाटू लागली होती. नवा तांदूळ लागतो हे सांगितलं का नाही, असं त्यांनी मालूबाईला अडखळत विचारलं.

ती बघतच राहिली. "ते काय सांगायचं? जुना शिजवायला, नवा दळायला. आमच्यात शेंबडं पोर जाणतंय." मग तिचं लक्ष त्यांच्या हातातल्या पुडीकडं गेलं. "डब्यातलं तुमी घेतलंत व्हय? मागितलं असतंत तर किलोभर आणलं असतं, गुरुजी."

त्याच दुपारी गुरुजींनी सुनेला सारं सांगितलं. चूक आपली आहे, तिची नाही, हे सांगताना त्यांचा आवाज कधी नव्हे तो चढला. ऋजुता मनानं वाईट नव्हती. तिनं ग्रुपवर नव्या तांदळाचं लिहून टाकलं आणि मालूबाईची माफी मागितली. मालूबाई हसली. पण तेव्हापासून तिची पिशवी ओट्यावर दिसेना, ती पायाशी असायची. गुरुजी पाणी प्यायला आत आले, की तिचा चालता हात थांबायचा आणि ते बाहेर पडेपर्यंत ती त्यांच्याकडं बघत राहायची.

फाल्गुन संपता संपता तिनं सांगितलं, कोलाडला हायवेवरच्या खानावळीत काम मिळालंय. लांब पडेल गं, असं ऋजुता म्हणाली. पडू दे, असं मालूबाई म्हणाली.

शेवटच्या दिवशी ती दाराशी चपला घालत होती. गुरुजी खुर्चीतून उठून उभे राहिले होते, बोलायचं काय ते मनात जुळवत.

"दूध तापवलंय, गुरुजी. निवलं की झाका."

"बरं," गुरुजी म्हणाले. "झाकतो."