बोथट केलेली पावशी

इकडे या, जवळ सरका. लांब उभं राहून काय कळणार तुम्हाला? बाजारात येता, मासोळी कापून घेता आणि कापणारीच्या तोंडाकडे बघतही नाही. म्हणून मलाच सांगावं लागतं. "हात!" हा तिचा पहिला शब्द. म्हणजे हात मागे घ्या. विळीला आमच्याकडे पावशी म्हणतात; तिचा पाट पायाखाली दाबून ती बसली, की समोर मजूर असो नाहीतर फौजदार, त्याला आधी हेच ऐकावं लागे.

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात माझी वांग्यांची जागा तिला लागून. पहिल्या दिवशी मी वासावरून कुरकुरले. ती म्हणाली, "बाई, तुझ्या वांग्यात कीड हाये, मी काही बोलली का?" तेव्हापासून आमचं जमलं.

तिचा मुलगा नागपूरला नोकरीला. येईल तेव्हा एकच पाढा, "आई, हात थरथरतात तुझे. सोड आता." थरथरायचे, खोटं कशाला बोलू? चहाचा कप धरला की दिसायचं. पात्यासमोर मात्र कधी दिसलं नाही. ती म्हणे, "तू आपलं हापिस सोड, मग पाहू माझ्या पावशीचं."

एका सुट्टीत त्यानं काय करावं? तिला न विचारता पावशी वेल्डिंगच्या दुकानात नेली, चाकावर धार पार घासून काढली आणि गुपचूप जागेवर ठेवून दिली. आईला कापू नये म्हणून! दुसऱ्या दिवशी बाजाराला ही ऐन गर्दीत येऊन बसली, धार बघायलाही सवड नाही. पहिलाच मोठा रोहू. पातं धरेना, म्हणून तिनं जोर लावला. मासा घसरला आणि तळहात पात्याच्या टोकावर गेला. माझ्या वांग्यांवर रक्त उडालं.

दवाखान्यात टाके पडत होते, तेव्हा तो मला म्हणतो, "मावशी, मीच बोथट केली होती. लागू नये म्हणून." आणि बाहेर चार लोकांत काय म्हणाला? "बघा, मी सांगतच होतो, आता तिला जमत नाही." तुम्हीच सांगा, असल्या मायेचं काय करावं? माझ्या तोंडात आलं ते मी बोलले. इथं लिहीत नाही.

हात बांधलेला असतानाच ती मला घेऊन गोंदियाला गेली. हार्डवेअरवाल्यानं धार लावायच्या, हिऱ्याची पूड बसवलेल्या पट्ट्या मांडल्या आणि सगळ्यात गुळगुळीत ती पुढे केली. "माताजी, ये लो, शीशे जैसा चमका देगी।"

"चमकवून काय मुखडा पाहू? धार मेली हाये माझी. नवीन काढाची हाये."

तिनं अंगठा फिरवून सगळ्यात खरखरीत पट्टी उचलली. तीही रुंद नको, अरुंद. पात्याच्या आतल्या वळणात शिरली पाहिजे. शेवटचा हात मारायला मधली एक घेतली. गुळगुळीत मागे सारली. मासोळीचं अंग बुळबुळीत, आरशासारखी धार त्यावरून घसरते, असं मला तिनं बसमध्ये सांगितलं. दुकानदार मागून ओरडला होता, "ज़ोर मत लगाना, हीरा झड़ जाएगा!"

इथंच तिची पंचाईत झाली. जन्मभर दगडावर दाबून घासलेलं, त्यात अंगात संताप. टाके निघाल्यावर अंगणात पाणी टाकत ती पात्यावर पट्टी फिरवायची आणि शेजारी बसून मी तिच्या पोराचा उद्धार करायची. एकदा थांबली. "बाई, तू गप राय. तू बोलून राहिली की माझा हात जड होते." मी ओठ शिवले. त्याहून अवघड काम मी आयुष्यात केलं नाही.

धार आली. पातं जरा अरुंद झालं, पण लागोपाठ दोन बाजार तिनं मासे कापले, मरळीचं डोकंसुद्धा एका झटक्यात. बोटाला ओरखडा नाही. मुलगा आला, उभा राहून बघत राहिला. मला वाटलं, आता लाजेल. तो तिच्या पायाशी बसून रडायला लागला. "आई, तिकडं मला झोप येत नाही. चल." ज्या बाईनं फौजदाराला जुमानलं नव्हतं, ती पोराच्या रडण्यापुढे उठली.

"काऊन जातेस?" मी ओरडले.

"रडून राहिला ना तो," म्हणाली. पावशी माझ्या हातात दिली. "तेल लावत जा."

आता तिच्या जागेवर मी माझं पोतं पसरते, कुणी घुसू नये म्हणून. गिऱ्हाइकं विचारतात, मी त्यांच्यावरच खेकसते. परवा नागपूरहून फोनवर म्हणाली, "इथं मासोळी कापूनच येते बाई, थैलीत. डोकंच नसते तिले."

बाई, हे कुणीतरी तुला वाचून दाखवेल, म्हणून लिहिते. माझा राग गेलेला नाही, तुझ्यावरचाही नाही. भांडायचं असेल तर इथं येऊन भांड. पोराला दोन दिवस झोप नाही आली तर मरत नाही तो. या बाजाराला ये. नाही जमलं, तर पुढच्याला. पण ये बाई, लवकर ये.