टाक्यावरच्या दोन ओळी

"हात खिशात घाला."

लेण्याच्या तोंडाशी उभं राहून आबा प्रत्येकाला हेच सांगायचे. भोर तालुक्यातल्या आमच्या डोंगरात एक जुनं बौद्ध लेणं आहे. एक स्तूप, भिक्षूंच्या चार खोल्या, बाहेर पाण्याचं टाकं. आबा तिथं मेंढरं पाण्यावर आणायचे. राखणीला त्यांना कुणीही नेमलेलं नव्हतं.

मी शाळेतला गुरुजी. एकदा ऐटीत म्हणालो, "सदऱ्याला खिसाच नाही."

"मग मागं बांधा. पोरांना सांगताच की शाळंत."

एकानं स्तूपावर बाण घुसलेला बदाम कोरला, तेव्हा आबांनी त्याच्या गाडीची चावीच काढून घेतली. "तुमच्या घराचा पत्ता सांगा. तितंबी कोरू."

टाक्याच्या वर दगडात दोन ओळी कोरलेल्या होत्या. त्या अजून कुणीच वाचल्या नव्हत्या. आबांना मराठीही वाचता येत नव्हतं, पण मेंढरं पाणी पीत तोवर ते त्या अक्षरांकडे बघत बसायचे. म्हणायचे, "टाकं खोदणाऱ्याचं नाव असंल. मेंढरं अजून पित्यात. नाव ऱ्हायला पायजे."

पुण्याहून एक अभ्यासक बाई त्या ओळींचा ठसा घ्यायला येणार होत्या. अक्षरांवर शेवाळ होतं. बाईंना सोपं जावं, आणि खरं सांगायचं तर आपलंही कौतुक व्हावं, म्हणून आदल्या दिवशी मी न्हाणीघर धुवायचं ॲसिड आणि तारेचा ब्रश घेऊन चढलो. गुरुजींना एवढंही कळू नये, असं तुम्ही म्हणाल. नाही कळलं. शेवाळ निघालं, आणि त्याबरोबर अक्षरांसकट पिचलेल्या दगडाचे पापुद्रेही.

तेवढ्यात आबा आले. मेंढरं टाक्याकडं धावली, तशी त्यांनी काठी आडवी घातली. ॲसिड पाण्यात उतरलं होतं. मग त्यांनी वर बघितलं.

"काढा आता हात खिशातनं, गुर्जी. ऱ्हायलंय काय?"

दुसऱ्या दिवशी बाईंना मी मोबाईलमधला एकुलता एक जुना फोटो दाखवला. त्यात अक्षरांच्या पुढं माझं डोकं होतं.

त्यानंतर आबा माझ्याशी बोलले नाहीत. एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी असली तरी भोरपर्यंत उभे राहायचे. मला अजून राग येतो, आणि तो काढायला माझ्याशिवाय कुणी सापडत नाही.

गेल्या महिन्यात आबा वारले. वस्तीवर भेटायला गेलो. आत भिंतीवर कोळशानं काढलेल्या दोन ओळी होत्या. सगळी अक्षरं, माझ्या डोक्यामागची सुद्धा.

"अक्षरं गेली त्याच साली काढल्यात," त्यांची सून म्हणाली. "चुना मारताना तेवढी जागा सोडायला लावायचे."

माझा हात आपोआप पुढं झाला.

"हात खिशात, गुर्जी. मामंजी सांगून गेल्यात."

"एक फोटो काढू?"

"त्या बाईंना बोलवा. त्या काढतील. तुमी भाईर उभं ऱ्हा."

हात खिशात घालून मी बाहेर गेलो. फोन लावायला खिशातून हात काढण्याआधी सुनेला विचारलं.