सिनेटर, गिरीश आणि आमचे हे

दरवर्षी खजुराचा हंगाम आला की आमचे हे बुरैद्याला जातात. सौदीत आम्ही राहतो त्या दम्मामहून सात-आठ तासांचा रस्ता, वर ऑगस्टचं ऊन. येताना सुक्करी खजुराचे दहा-बारा डबे आणतात आणि बिल्डिंगभर वाटतात. नसरुद्दीन मुकादम म्हणजे खजूरवाले मुकादम, अशी ह्यांची ओळखच झाली आहे. स्वतः मात्र एक खजूर तोंडात टाकत नाहीत. डायबेटिस आहे म्हणून सांगतात. डायबेटिस नाही नि बियबेटिस नाही. हे तिथे खजुरासाठी जातच नाहीत, एका माणसाला शोधायला जातात.

मी ताजुन्निसा, ह्यांची बायको. बाणकोटची. बत्तीस वर्षं ह्या माणसाबरोबर दम्माममध्ये काढली, निदा आणि नूरैन ह्या दोन मुली इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकवल्या. त्यामुळे ह्यांच्याबद्दल बोलायचा हक्क कुणाला असेल तर मला आहे. आणि आता बोलले नाही तर राहूनच जाईल, कारण महिन्याभरात आमचं फायनल एक्झिट आहे, कायमचं घरी जायचं.

हे एका ट्रेडिंग कंपनीत कागदपत्रांचं काम बघतात. कामगारांचे इकामे म्हणजे राहण्याचे परवाने काढायचे, सुट्टीचे व्हिसे करायचे, सरकारी ऑफिसात खेटे घालायचे. अरबी छान येतं, अक्षर मोत्यासारखं. पण स्वभावाने असे भित्रे की साहेबाचा, म्हणजे व्हिसा देणाऱ्या कफीलाचा, नुसता मिस्ड कॉल आला तरी हातातला चहा अर्धा ठेवून उठतील. मी म्हणायची, निकाह माझ्याशी लावलात की कफीलाशी? हसायचे. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत हसायचे.

तेव्हा कंपनीचं बुरैद्यात खजुराचं गोदाम होतं. तिथे गिरीश नावाचा ड्रायव्हर होता, मंडणगडचा, म्हणजे आमच्याच तालुक्यातला पोरगा. आई आजारी होती आणि सुट्टी मिळत नव्हती. इकामा संपून चार महिने झालेले, तोही कंपनी नवा करत नव्हती. शेवटी सुपरवायझरशी कडाक्याचं भांडण झालं आणि गिरीशने सरळ दम्मामची बस पकडली, हेड ऑफिसात जाऊन साहेबालाच भेटतो म्हणून. बसमधून त्याने ह्यांना फोन केला, "नसरुभाई, मी येतोय, साहेबांशी गाठ घालून द्या." तो अर्ध्या वाटेत असताना सुपरवायझरने साहेबाला कळवलं की ड्रायव्हर पळाला. साहेबाने ह्यांना सांगितलं, हुरूब टाक, यल्ला, लगेच.

हुरूब म्हणजे कामगार पळून गेल्याची सरकारी नोंद. ती एकदा पडली की माणसाला धड नोकरी नाही, इस्पितळ नाही आणि घरी जायची वाटही नाही. हे साहेबाला एवढंच सांगू शकले असते की तो पळालेला नाही, आपल्याकडेच येतोय. तोंड उघडलं नाही. खाली मान घालून कॉम्प्युटरवर त्याचा इकामा नंबर टाकला आणि बटण दाबलं.

गिरीश ऑफिसला पोचला तेव्हा वॉचमनने त्याला गेटच्या आत घेतलं नाही. त्यानंतर त्याचा फोन बंद. पुढे कोणीतरी म्हणालं की बुरैद्याच्या खजूरबाजारात पेट्या उचलतो, कागद नाहीत, मिळेल तिथे झोपतो. तेव्हापासून ह्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या.

आणि घरात तर तो जणू राहायलाच आला. आम्ही चार माणसं, पाचवा गिरीश. सिग्नलला शेजारी पिकअप उभी राहिली की हे काच खाली करून ड्रायव्हरचं तोंड बघणार. एकदा भाजीच्या दुकानात मिरच्यांचा ढीग तसाच टाकून एका माणसामागे धावले, तो निघाला केरळचा. पाकिटात माझा फोटो नाही, मुलींचा नाही, गिरीशच्या इकाम्याची झेरॉक्स आहे. ती आता इतकी पुसट झाली आहे की नुसते डोळे दिसतात. गावी गेलो की बाणकोटहून मंडणगडला जाताना हे रिक्षात मान खाली घालून बसतात, कारण तिथल्या नाक्यावर त्याची बहीण किशोरी भाजी विकते. एकदा तिने गाठलंच. "चाचा, आमचा दादा कुठं दिसला का हो?" हे म्हणाले, "बघतोय, बाय." त्या रात्री जेवले नाहीत. मला इतका संताप आला. कशाचा ते मलाच ठाऊक.

गेल्या वर्षी धाहरानच्या तेलकंपनीच्या कॅम्पातलं एक कुटुंब कायमचं परत जात होतं, त्यांनी पुस्तकं वाटून टाकली. त्यातून हे एक जाडजूड बाड उचलून घेऊन आले. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा अमेरिकन सिनेटरची पत्रं आणि चरित्र. मी म्हटलं, सामान कमी करायचं की वाढवायचं? पण असरच्या नमाजानंतर चहा घेऊन बसायचे नि एकेक पत्र मला आपल्या भाषेत सांगायचे. हळूहळू मलाही गोडी लागली. त्याची बायको त्याला गळक्या छपराबद्दल झाडायची, ते मला फार आवडायचं.

तेव्हा तिकडे माणसं गुलाम म्हणून विकत घ्यायचे. गुलाम पळाला आणि सापडला तर त्याला पकडून धन्याच्या ताब्यात द्यायचं, असा कायदाच होता. हा सिनेटर त्या कायद्याविरुद्ध जन्मभर भांडला, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, मार खाल्ला. पण तरुणपणी वकिलाकडे उमेदवारी करत असताना एका पळालेल्या माणसाला परत पाठवायचा कागद ह्यानेच लिहून दिला होता. अक्षर चांगलं म्हणून ह्याला सांगितलं नि ह्याने लिहिला. त्या माणसाचं नाव आयझॅक. पुढे चाळीस वर्षं हा ज्याला त्याला पत्रात विचारतो, आयझॅकची काही खबर? उत्तर कुठेच नाही.

ते पान ह्यांनी मला पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं. मी भडकले. म्हटलं, "इथे कोण गुलाम आहे? माणसं पगार घेतात, घरं बांधतात. आपल्या मुली ह्याच पैशावर शिकल्या. त्या गोऱ्याच्या पुस्तकात स्वतःला कशाला कोंबताय?"

"मी कोंबत नाही गं," हे म्हणाले. "मला त्याने आधीच लिहून ठेवलंय."

निदा सुट्टीला आली होती, ती म्हणाली, "अब्बा, इट्स जस्ट अ बुक." ह्यांनी पान उलटलं.

मग एक दिवस त्यांनी प्रस्तावना वाचली. पुस्तक सिनेटरच्या बायकोने छापलं होतं, तो गेल्यावर. तिने लिहिलं होतं, काही पत्रं मी ह्यात घातलेली नाहीत, ती माझ्याबद्दल होती. बस, एवढंच. मी चहाचे कप उचलून आत गेले. कारण मीही एक गोष्ट गाळली होती.

हुरूब टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी जुम्याला, दारावर टकटक झाली. हे बाथरूममध्ये नमाजासाठी हातपाय धूत, वुजू करत होते. मी चेन लावूनच दार उघडलं. गिरीश. खांद्याला बॅग, दाढी वाढलेली. "वहिनी, नसरुभाई आहेत का? दोन मिनिटांचं काम आहे." आदल्या दिवशीचं सगळं ह्यांनी मला सांगितलं होतं. हुरूबवाल्याला घरात घेतलं तर आपणच आत जाऊ, हे मला माहीत होतं. आम्हा तिघींचे इकामे ह्यांच्या इकाम्यावर. निदाची दहावीची परीक्षा तोंडावर. मी म्हटलं, "घरात नाहीत. रियाधला गेलेत." त्याने माझ्याकडे बघितलं. "बरं" म्हणाला नि जिना उतरला. चौथा मजला. ती पावलं मी खालपर्यंत ऐकली, आणि अजून ऐकते.

नंतर मला कळलं की हुरूब तेव्हा दोन-तीन आठवड्यांच्या आत मागे घेता यायचं. दरवर्षी बुरैद्याला निघताना हे एकच वाक्य म्हणतात, "एकदा जरी माझ्या दारात आला असता ना ताजू, तर साहेबाचे पाय धरून मागे घ्यायला लावलं असतं. पण आला नाही." आणि मी ह्यांचे शर्ट बॅगेत भरत राहते. सांगितलं तर हा माणूस माझं तोंड पुन्हा बघेल का? ह्या वयात, घरी परत जायच्या तोंडावर? आणि नाही सांगितलं तर हे मरेपर्यंत शोधत राहणार.

ह्या वर्षी म्हणाले, "शेवटची खेप आहे, तूही चल."

पहाटे फजरच्या नमाजानंतर बाजार भरतो. पिकअपच्या रांगाच रांगा, मागच्या फळ्यांवर खजुराच्या पेट्या, लिलाववाले ओरडतायत, मजूर पेट्या इकडून तिकडे नेतायत. कोण बंगाली, कोण मिसरी, कोण आपला. हे प्रत्येकापाशी थांबत होते. सलाम करून ती पुसट झेरॉक्स पुढे करत होते. माणसं बघायची, मान हलवायची, पेटी उचलायची. काहीजण ह्यांना ओळखत होते. एक म्हातारा सुदानी अरबीत म्हणाला, "ह्या वर्षीही आलास, बाबा?" मी मागून चालत होते. ऊन चढेपर्यंत हे त्या रांगा तीन वेळा फिरले. शेवटी पाय ओढायला लागले, आणि ते मला बघवेना.

गाडीत आणून बसवलं. पाणी दिलं. म्हटलं, "अहो, तो आला होता." मग सगळं सांगितलं. टकटक, चेन, रियाध, जिना. रडले नाही, न थांबता सांगितलं. म्हटलं, "तुम्ही नाही, मी घालवलं त्याला. आता काय ती शिक्षा मला द्या."

हे समोर काचेकडे बघत होते. तसेच म्हणाले, "पाण्याची बाटली दिली होतीस त्याला, चेनच्या फटीतून. घाईत टोपण खाली पडलं."

बाटलीचं मी सांगितलं नव्हतं. तुम्हालाही नाही सांगितलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"त्याचा आवाज मी ओळखला होता, ताजू," हे म्हणाले. "नीट ऐकू यावं म्हणून नळ बंद केला. बाथरूमच्या दाराच्या फटीतून बघितलं. तू म्हणालीस, रियाधला गेलेत." ह्यांनी झेरॉक्सची घडी घालून पाकिटात ठेवली. "मग मी नळ परत सोडला. मोठा."