ज्या दारांना पुडी जात नाही

कोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये गेली अठरा वर्षं रंगूबाई दाराच्या कडीला फुलपुडी अडकवते. लिहिता-वाचता येत नाही तिला, पण सगळी दारं तोंडपाठ. कोणाला मंगळवारी दूर्वा, कोणाकडे सुतक, कोण गावाला गेलंय, सगळं डोक्यात. माझ्या समोरच्या क्लाराकडे पुडी जात नाही, तरी रोज सकाळी तिच्याच उंबऱ्यात बसून रंगूबाईचा चहा होतो. मी कितीदा चिडवलं, "पुडी मी घेते नि चहा तिच्याकडचा गोड लागतो होय गं?"

रंगूबाईची लेक अक्षदा एम.एस्सी.ला आहे. आईच्या टोपलीला त्या पोरीने कधी हात लावला नाही, लाज वाटायची. गेल्या महिन्यात मात्र मोबाइल घेऊन शेजारी बसली नि म्हणाली, "आई, कुठल्या कुठल्या दारांना पुडी जात नाही गं?" रंगूबाई हरखली. पोरगी धंदा वाढवायचं बघतेय, असं वाटलं तिला! एकेक घर सांगितलं. नाव, माणसं, घरात एकटं कोण असतं तेसुद्धा.

आठ दिवसांनी त्याच घरांची यादी फिरत फिरत माझ्या मोबाइलवर येऊन पडली. कॉलेजच्या पोरापोरींचा कुठलासा ग्रुप. वर लिहिलेलं, 'ही घरं आपली नाहीत, ओळखून ठेवा.' अकरा घरं. चौथं क्लाराचं, पुढे 'दिवसभर एकटी'. सातवं रतनभाऊंचं! अहो, त्यांना फुलांनी शिंका येतात म्हणून पुडी बंद केलेली. हसू की रडू, कळेना.

रंगूबाईला बोलावून मी नको नको ते बोलले. ती बावचळली. "मी तर फुलांचं सांगितलेलं हो, ताई." घरी जाऊन तिने पोरीला विचारलं, तर म्हणे, "नुसती माहिती आहे, आई. तुला नाही कळणार." रडतच परत आली. "तिच्या मोबाइलमध्ये एक दादा रोज ओरडत असतो, डिट्टो त्याच्यासारखी बोलते. क्लाराच्या मांडीवर वाढलीय हो ती!" मी म्हटलं, पोलिसांत जाऊ. तिने माझे पाय धरले, पोरीचं शिक्षण जाईल म्हणाली. मी थांबले. बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्या अकराही दारांना पुड्या! "सगळ्यांकडे पुडी गेली की यादी खोटी पडेल ना, ताई?" रंगूबाई जिन्यातच उभी होती.

तेवढ्यात क्लाराने दार उघडलं. यादी तिलाही कोणीतरी दाखवलेली. कडीवरची पुडी दिसली नि ती दोन पावलं मागे सरली. "रंगू, माझ्या दारावर खूण केलीस?"

"खूण पुसली गं बाय," रंगूबाई कशीबशी म्हणाली.

क्लाराने चहाचं विचारलं नाही. दार लावून घेतलं.

रंगूबाई माझ्याकडे वळली. "ताई, ही राहू दे की काढू?"