मागच्या सीटचा विचार

कारखान्याच्या फाटकात कोणी नवी मोटारसायकल उभी केली की लोक टाकीवरून हात फिरवतात, मीटर बघतात, किक मारून आवाज ऐकतात. भाऊ यातलं काही करायचे नाहीत. ते सरळ मागे जायचे आणि मागच्या सीटवर पंजा दाबायचे. फणस पिकलाय का ते बघावं तसा. मग विचारायचे, "किती देते?" म्हणजे लिटरला किती किलोमीटर. मालक छाती फुगवून आकडा सांगायचा. भाऊ मान हलवायचे.

"बघू. विचार चालू आहे."

हा विचार मी मुलुंडच्या त्या कारखान्यात लागलो त्याच्याही आधीपासून चालू होता. आम्ही पंपांचे सुटे भाग बनवत होतो. भाऊ स्टोअरकीपर होते आणि मी डिस्पॅचला. वयानं ते माझ्या वडिलांच्या जवळपासचे, पण अख्खा कारखाना त्यांना भाऊ म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचो. त्यांचं खरं नाव इथे सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, वर्षानुवर्षं 'घ्यायची आहे' म्हणणारा. आपण त्याची थट्टा करतो आणि विसरून जातो. मीही तेच केलं असतं, पण मी नेमकी मोटारसायकल घेतली.

तेव्हा जपानी कंपन्यांच्या भागीदारीत नव्या गाड्या निघू लागल्या होत्या. त्याआधी एकतर ती पेट्रोल ढोसणारी अवजड धुडं होती, नाहीतर भसाभस धूर सोडणाऱ्या टू-स्ट्रोक. ही नवी फोर-स्ट्रोक मात्र अंगानं बेताची, आवाजानं शहाणी आणि पेट्रोल थेंबाथेंबानं पिणारी. स्टाफमध्ये ती पहिली मी घेतली. दुसऱ्याच दिवशी भाऊ म्हणाले, "चल रे, एक फेरी मार मला घेऊन."

आणि ते मागे बसले. एका बाजूला! दोन्ही पाय डावीकडे सोडून, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन, साडी नेसलेल्या बाईमाणसानं बसावं तसे. मला वाटलं गुडघा दुखत असेल. आग्रा रोडला लागलो तर नाक्यावरची पोरं ओरडायला लागली, "भाऊ, पदर सांभाळा!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊंना काही नाही. मागून आपल्या सूचना चालू. "खड्ड्यातून घे. हां. आता जरा जोरात ब्रेक मार. पाय टेकायची पट्टी लांब आहे रे हिची."

परत आल्यावर त्यांनी गाडी चालूच ठेवायला सांगितली आणि सायलेन्सरपाशी उकिडवं बसून वास घेतला. आमचा एक टर्नर शिट्टी मारून म्हणाला, "भाऊ, अगरबत्ती आहे का ती?"

"धूर नाही रे हिला," भाऊ त्याच्याकडे लक्षही न देता मला म्हणाले. "झकास. पण पट्टी लांब आहे."

असं त्यांनी मला बरेचदा फिरवलं. मुलुंडहून ठाण्याला, ठाण्याहून घोडबंदरच्या चढणीला. प्रत्येक वेळी एका बाजूला बसून. शेवटी मी चिडलो. म्हटलं, "भाऊ, तुम्हाला हवीय की नको? आणि माणसासारखे बसा ना जरा!"

तेव्हा त्यांनी मला घरी नेलं.

मुलुंड पूर्वेला चाळीत दोन खोल्या होत्या. वहिनी म्हणजे त्यांची बायको, पन्नाशीची, बारीक, कमी बोलणारी. त्यांनी पोह्यांची बशी पुढे केली आणि आत गेल्या. भाऊ हळू आवाजात म्हणाले, "हिला गाडी लागते."

बऱ्याच जणांना लागते. आपण लिंबू हुंगतो, आल्याचा तुकडा चघळतो, निभावतं. वहिनींचं तसं नव्हतं. एसटीत पाय ठेवला की पोटात ढवळायचं आणि पेण येईपर्यंत त्या अर्ध्या झालेल्या असायच्या. शेवटच्या खेपेला कणकवलीला उतरवून त्यांना सलाईन लावावं लागलं होतं. लोक सांगायचे, कोल्हापूरपर्यंत रेल्वेनं जा. पण पुढचा घाट बसनंच उतरायचा ना? त्या खेपेनंतर कित्येक वर्षं वहिनी गावी गेल्याच नाहीत. मात्र एकदा शेजाऱ्याच्या स्कूटरवरून त्या ठाण्याला जाऊन आल्या आणि त्यांना काही झालं नाही. तोंडावर वारा असला आणि धुराचा वास नसला की त्या ठीक असायच्या. भाऊंनी ते पक्कं डोक्यात ठेवलं होतं.

भाऊंचं गाव आणि वहिनींचं माहेर मालवणकडच्या एकाच खाडीच्या दोन काठांवर. शिमग्याला आणि गणपतीला भाऊ एकटेच जायचे. होडीनं खाडी ओलांडून सासूला भेटायला गेले की म्हातारी त्यांच्या पाठीमागे बघायची आणि विचारायची, "चेडू खंय?" मुलगी कुठे? आणि आता तर म्हातारीला काचबिंदू झाला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, गेली तेवढी नजर परत यायची नाही, आणि राहिलेलीही जात राहणार.

"नजर आहे तोवर हिला तिच्यासमोर उभी करायची आहे," भाऊ म्हणाले. "मुक्काम करत करत जायचं. म्हणून गाडी."

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "मग उद्याच घ्या! विचार कसला करताय?"

भाऊ सदऱ्याच्या बटणाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "मला चालवता येत नाही रे."

पुढचे कित्येक रविवार आम्ही सकाळी मिठागरांच्या रस्त्यावर घालवले. भाऊ सायकलसुद्धा शिकले नव्हते. क्लच सोडताना डोळे मिटायचे, आणि दोन्ही पाय बाहेर काढून गाडी अशी चालवायचे की बाजूनं चालणारी माणसं पुढे निघून जायची. एकदा चिखलात आडवे झाले. उठले, आधी मागची सीट पुसली आणि म्हणाले, "ही मागे असती तर काय झालं असतं रे!" मला कळलं की हा माणूस पडायला घाबरत नाही, पाडायला घाबरतो. पण चिकाटी अशी की माघापर्यंत लायसन्स हातात आलं.

आता घेतील असं आम्हाला वाटलं. भाऊ शिमग्याला गावी गेले आणि चेहरा पाडून परत आले. देवानं नाही म्हटलं होतं.

त्यांच्या गावात मोठं काही करण्याआधी ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव मूर्तीला पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. भाऊंची डावी पडली होती.

मी जाम भडकलो. "देव काय एजंट आहे का हो गाड्यांचा?"

"असं बोलू नको," भाऊ एवढंच म्हणाले. मग सगळा उन्हाळा फाटकात नव्या गाड्या यायच्या, भाऊ तिकडे बघायचेसुद्धा नाहीत. मला ते बघवत नव्हतं.

वाट मोकळी केली ती वहिनींनी. पावसाळ्यात मी घरी गेलो होतो, तेव्हा बोलता बोलता कौलाचा विषय निघाला. वहिनी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, "देवाक नेमका काय इचारलात तुमी?"

"काय म्हणजे? मोटारसायकल घेव काय, ह्याच."

वहिनींनी सूप खाली ठेवलं. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "देवाक मोटारसायकलीतला काय कळता? माका आवशीक भेटूचा आसा. ता इचारलात?"

भाऊ तोंड उघडं टाकून बसले. धूर, पट्टी, सीट, लिटरला किती, सगळा विचार करून झाला होता, आणि देवळात जाऊन त्यांनी गाडीचंच विचारलं होतं. आईची नजर आहे तोवर लेक पोचू दे, असं गाऱ्हाणं त्यांना सुचलंच नव्हतं. मला हसू येत होतं, पण वहिनींकडे बघून ते दाबलं.

गणपतीत भाऊंनी पुन्हा कौल लावला, या वेळी वहिनींच्या शब्दांत. पाकळी उजवी पडली. आल्या आल्या त्यांनी गाडी नोंदवली. तिची मागची पट्टी वेल्डरकडून कापून वहिनींच्या पायाच्या मापाची करून घेतली आणि दिवाळी झाल्यावर एका सकाळी दोघं निघाली. मी मुलुंड चेकनाक्यापर्यंत सोबत गेलो. वहिनींनी पदर कमरेला खोचला होता आणि एक हात भाऊंच्या खांद्यावर घट्ट ठेवला होता. भाऊ इतके हळू चालवत होते की मागचा ट्रकवाला शिव्या देऊन पुढे गेला.

पंधरा दिवसांनी भाऊ परत आले ते एकटेच. वहिनी आईजवळ राहिल्या होत्या. म्हातारीचं आता सगळंच दुसऱ्याला करावं लागत होतं, आणि ते एकट्या भावजयीवर टाकणं वहिनींना पटेना. त्यानंतर भाऊ मुलुंडला फार दिवस राहिले नाहीत. वर्षाच्या आत नोकरी सोडली, खोली सोडली आणि गाडीवर बिछाना बांधून तेही गेले. स्टोअरमध्ये दुसरा माणूस आला. कामाला तो बरा होता, पण त्याच्याशी दोन शब्द बोलावेत असं मला कधी वाटलं नाही.

त्या पहिल्या खेपेचं त्यांनी मला एकदाच सांगितलं, दुपारच्या चहाला. पूर्ण रस्ताभर वहिनींना एकदाही उलटी झाली नाही, महाडला तर त्यांनी स्वतःहून मागून मिसळ खाल्ली. पण रात्री माहेरी पोचल्यावर म्हातारीला लेक दिसेना. आवाज ओळखला, चेहरा चाचपला, पण दिसेना. कंदील जवळ धरला, तरी नाही.

"मला वाटलं, संपलं," भाऊ म्हणाले. "मी विचार करत बसलो आणि हिला उशीर झाला. झोप नाही आली रे."

सकाळी म्हातारीला खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उन्हात आणून बसवलं. वहिनी पाया पडायला वाकल्या, तेव्हा पदर घसरला आणि डोकं म्हातारीच्या अगदी डोळ्यांपाशी आलं. म्हातारीनं त्यावर हात ठेवला आणि एकदम ओरडली, "काय गो ह्या! केस पिकले तुझे!"

वहिनी तिथेच तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडल्या आणि हसल्या. भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला.

"मग मीही पुढे होऊन बघितलं," ते म्हणाले. "सगळे पांढरे रे. रोज समोर असायची, पण मला दिसलेच नव्हते."