रिकाम्या वॉर्डातला रोजचा झीरो

ज्या घरी पाहुणा येणार म्हणून रोज गाद्या झटकतात आणि पाहुणा काही येत नाही, त्या घरात गोष्टी फार साचतात. आमच्या विभागाचं तसंच आहे. सुरतेत फ्लूची मोठी साथ आली तर काय करायचं, याची तयारी ठेवणं हे आमचं काम. साथ नसते तेव्हा आम्ही तयारी करतो आणि चहाला बसून किस्से सांगतो.

माणसं मोजकीच. देसाईसाहेब डॉक्टर आणि आमचे प्रमुख. ज्योत्स्नाबेन सिस्टर. भटूभाऊ ड्रायव्हर, शिरपूरकडचे. आणि मी, पब्लिक हेल्थ शिकून आलेली, साहेबांच्या मते सगळ्यात उतावळी. माझे वडील, आप्पा, कापडाच्या लूमवर काम करतात. आमच्या आराखड्यात शाळा आहेत, मॉल आहेत, हजीऱ्याच्या मोठ्या कंपन्या आहेत. लूमची खाती मात्र नाहीत. खातं म्हणजे लूमचा कारखाना, सुरतेत तसंच म्हणतात. ती आराखड्यात यावीत म्हणून मी रुजू झाल्यापासून भांडते आहे.

*

साथीसाठी एक वॉर्ड कायम तयार असतो. पेशंट एकही नसतो, तरी ज्योत्स्नाबेन रोज चादरी बदलतात. रोज सकाळी वरच्या ऑफिसातून फोन येतो. "केटला?" म्हणजे किती. ज्योत्स्नाबेन रिकाम्या कॉटांवरून एकदा नजर फिरवतात आणि सांगतात, "झीरो." पलीकडून उत्तर येतं, "सरस!"

एकदा कोपऱ्यातल्या कॉटची चादर चुरगळलेली दिसली. उशीला डोक्याएवढा खळगा. वॉर्डला कुलूप होतं, किल्ली ज्योत्स्नाबेनच्या कमरेला. त्यांनी वॉचमनला झापलं, "कोणाला झोपवलंस इथे?"

वॉचमन शांतपणे म्हणाला, "बेन, ज्याच्यासाठी ठेवलाय तो जागा बघून गेला असेल."

तेवढ्यात फोन वाजला. ज्योत्स्नाबेननी उशी थोपटून खळगा बुजवला आणि मग फोन उचलला. "झीरो."

*

मॉक ड्रिलला आम्ही कॉलेजची मुलं पेशंट म्हणून आणतो. प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड. कोणाला 'ताप-खोकला', कोणाला 'श्वास लागतो'. कृणाल नावाच्या मुलाच्या वाट्याला 'मृत' आलं. नियमाप्रमाणे त्याला बॅगेत घातलं, चेन लावली, नावाची पट्टी चिकटवली. चहाच्या वेळी तो बॅगेतून म्हणाला, "मला पण." चहावाला म्हणाला, "मयताला चहा कुठला?" सगळे हसले.

कोणीतरी त्या बॅगेचा फोटो काढला. तो फिरत फिरत त्याच्या घरी पोचला. दुसऱ्या दिवशी कृणाल आमच्या दारात. "बेन, मला डिस्चार्ज द्या. मम्मी ताट वाढते, पण माझ्याकडे बघत नाही."

ज्योत्स्नाबेन गंभीर झाल्या. "मयताला डिस्चार्ज नसतो, दीकरा. घरच्यांच्या ताब्यात द्यावं लागतं."

मग त्याच्या आईला बोलावलं. ज्योत्स्नाबेननी मुलाचा हात धरून तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "लो, तमारो दीकरो." आईने आधी त्याच्या कपाळाला हात लावला.

"ठंडो छे," ती म्हणाली.

"एसीमुळे," ज्योत्स्नाबेन म्हणाल्या. एसी बंद होता.

*

आराखड्याच्या मीटिंगमध्ये साहेबांनी फळ्यावर बाण काढला. माणूस आजारी पडला की आधी आरोग्य केंद्र, मग हॉस्पिटल, मग आपला वॉर्ड. बाण फार सुंदर होता.

मी उभी राहिले. "सर, आमच्या गल्लीत माणूस आजारी पडला की या बाणावरून जातच नाही. तो उधना स्टेशनवर जातो आणि गाडीत बसून गावी जातो. नंदुरबार, अमळनेर, जिथलं असेल तिथे. इथे खोली दहाजणांची, रजा घेतली की रोजी बुडते, करणारं कोणी नाही. मग तो आपल्याला कळणार कसा?"

साहेबांनी खरंच विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला.

"गावी गेला ना? तो तो सुरतनो केस ज नथी."

केस सुरतेची नाहीच म्हटल्यावर सगळ्यांनी मान डोलावली. बाण तसाच राहिला.

*

माझी मागणी साधी होती. दर आठवड्याला खात्यांना विचारा, किती लूम उभे आहेत. लूम उभा म्हणजे कारागीर आला नाही. वॉर्डात पेशंट दिसायच्या आधी आपल्याला तिथे कळेल. साहेब म्हणाले, "आपण आजार मोजतो, मशीन नाही." तरी मी हट्टाने ज्योत्स्नाबेनना आमच्या गल्लीतल्या, आप्पांच्या खात्यात घेऊन गेले.

मास्क लावून आत पाऊल टाकलं आणि कान बंद झाले. लूमचा आवाज इतका, की शेजारचा ओरडला तरी फक्त ओठ हलताना दिसतात. रांगेतला एकजण वाकला, तोंड उघडलं, खांदे गदगदले. मग त्याच्या पलीकडचा. मग भिंतीजवळचा. ज्योत्स्नाबेननी माझा दंड घट्ट पकडला. खोकला दिसत होता, ऐकू येत नव्हता.

बाहेर आल्यावर खात्याचे शेठ म्हणाले, "अमारे त्यां कोई बीमार नथी." त्यांच्याकडे म्हणे कोणी आजारी नव्हतं; आजारी पडलेला गावी गेलेला असणार, हे त्यांनीही सांगितलं.

संध्याकाळी मी आप्पांना म्हटलं, "तुमच्यासमोर उभी होते, बघितलंही नाहीत."

"तू मास्कमा व्हती," आप्पा म्हणाले, "मी तुले वयखं नही." ओळखलंच नव्हतं त्यांनी मला. मग तोंड फिरवून खोकले. घरात मात्र ऐकू आलं.

*

भटूभाऊंचा किस्सा तेच सगळ्यात रंगवून सांगतात. सराव म्हणून गाडीला भोंगा लावून आमच्याच गल्लीत घोषणा करायची होती. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला होतं, 'हा फक्त सराव आहे.' कोणीतरी ते रिपीटवर लावताना तेवढंच वाक्य कापलं. भटूभाऊ काच वर करून निवांत गाडी चालवत राहिले आणि भोंगा सांगत राहिला, 'साथ आली आहे. दारं लावून घ्या. बाहेर पडू नका.'

ते वळून परत आले तेव्हा भर दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ओट्यावर अर्धी निवडलेली मेथी. स्कूटरला किल्ली तशीच. कुठल्या तरी बंद दाराआड कुकर शिट्ट्या देतोय आणि कोणी गॅस बंद करत नाही. भटूभाऊंनी उतरून हाका मारल्या, "अरे, सराव व्हता! बाहेर या!" एक दार उघडलं नाही.

फक्त खात्याचा खडखडाट चालू होता. आतल्यांना भोंगा ऐकूच गेला नव्हता.

"सगळी गल्ली मेल्यासारखी," भटूभाऊ सांगतात, "आणि एकटं खातं जिवंत."

साहेबांनी शेरा दिला, 'ड्रिल उत्तम. नागरिकांचं सहकार्य.'

*

शेवटचा किस्सा आमच्याकडे चहाला कोणी काढत नाही.

सकाळची वेळ. मी वॉर्डात ज्योत्स्नाबेनजवळ उभी होते. आईचा फोन आला.

"मयुरी, शेजारच्या सुनीताचं पोर सकाळपासून रडतंय. झोपतच नाही."

"ताप आहे का त्याला?"

"ताप नाही गं. त्याला खात्याच्या आवाजात झोपायची सवय. आज आवाज नाही."

"आज सुट्टी आहे?"

"सुट्टी परवा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं आई घरातून फोन करते, पण तिचा श्वास मला कधी ऐकू आला नव्हता. आज येत होता. पोराचं रडणंही येत होतं. त्यामागे गल्लीत कोणीतरी खोकत होतं, अगदी स्पष्ट. मग दुसरं कोणीतरी.

"आई, आप्पांना फोन दे."

"ते कुठे आहेत? पहाटेच स्टेशनला गेले. अंग तापलं होतं, म्हणे गावी जाऊन पडतो. एकटे नाहीत, तू काळजी करू नको. खात्यातले सगळेच आहेत त्या गाडीत."

मी भटूभाऊंना हाक मारायला वळले, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. ज्योत्स्नाबेननी तो उचलला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सवयीने रिकाम्या कॉटांवरून एकदा नजर फिरवली.

"झीरो," त्या म्हणाल्या.

पलीकडून मलाही ऐकू आलं.

"सरस!"