शिष्यवृत्तीच्या बाई

चौथीत नापास झालो अन् माझी शाळा सुटली. पाचवीची शिष्यवृत्ती परीक्षा पालकांना समजावायला नाशिकहून एक बाई आमच्या सायखेड्याच्या शाळेत आल्या, तेव्हा त्याच धास्तीनं नातीला परीक्षेला बसवायचंच नाही असं ठरवून मी गेलो. बाई खडूचे हात सारखे ओढणीला पुसायच्या. ओढणीचा पार फळा झालेला.

मी उठून म्हटलं, "नापास झाली तर पोरीची शाळा सुटंल!"

"आजोबा, या परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून कुणाची शाळा सुटत नाही. तुमची भीती तिच्या दप्तरात कशाला कोंबता?"

"लय तोंड चालतं तुमचं."

"त्याचाच तर पगार मिळतो."

सगळे हसले. नात परीक्षेला बसली. बाईंचं पटलं, असं मात्र मी अजून कुणाला सांगितलेलं नाय.